हृदयातील बहुरूपी : दुर्मीळ गाठी, त्यांची सोंगे आणि प्रतिमांची साक्ष

बहुरूपी हा आपल्या लोकजीवनातला एके काळचा परिचित पाहुणा. आज हवालदाराच्या वेशात, तर उद्या एखाद्या साहेबाच्या थाटात तो दारी उभा राही आणि पाहणारा क्षणभर तरी फसल्याशिवाय राहत नसे. वैद्यकशास्त्राच्या प्रांतातही असे काही बहुरूपी आहेत. पूर्वी उपदंशाला हा मान होता. क्षयरोगाने तो आजही राखला आहे. या पंक्तीत बसण्याचा अधिकार ज्या एका दुर्मीळ विकाराला निःसंशय आहे, तो म्हणजे हृदयात उद्भवणारी गाठ. फरक इतकाच, की दारावरच्या बहुरूप्याने फसविले तर चार पैसे जातात. हृदयातल्या बहुरूप्याने फसविले तर रुग्णाचा हात, वाचा, प्रसंगी प्राणही जातो.

हृदयाच्या प्राथमिक गाठी किती दुर्मीळ, याचा अंदाज शवविच्छेदनाच्या जुन्या मालिकांवरून येतो. दर दहा हजार शवांमागे सुमारे दोन, असे हे प्रमाण सांगितले जाते. शरीरात अन्यत्र असलेला कर्करोग हृदयापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण मात्र याच्या कितीतरी पट अधिक आहे. प्राथमिक गाठींपैकी साधारण तीन चतुर्थांश सौम्य असतात. उरलेल्या एक चतुर्थांशात सारकोमाचे प्राबल्य असते.

इतका विरळ विकार. मग सर्वसामान्य व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरने त्याची चिंता का वाहावी? उत्तर सोपे आहे. विकार दुर्मीळ असला, तरी त्याने घेतलेली सोंगे दुर्मीळ नाहीत. अरुंद झालेली मायट्रल झडप, न हटणारा ताप, तरुण वयातील पक्षाघात, हृदयावरणात साठलेले पाणी ही सारी आपल्या रोजच्या दवाखान्यातील चित्रे आहेत. ज्या प्रदेशात रुमॅटिक हृदयविकार आणि क्षयरोग घरोघरी ठाऊक आहेत, तेथे या बहुरूप्याला लपावयास जागाही मोठी मिळते. म्हणूनच परिचित निदानात एखादी गोष्ट बसत नसेल, तर तेथे थांबून हृदयाची प्रतिमा पुन्हा पाहणे अगत्याचे ठरते.

शवागारातून शस्त्रक्रियागृहाकडे

रेआल्दो कोलंबो या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाच्या १५५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हृदयातील गाठीचा पहिला उल्लेख असल्याचे वैद्यकाचे इतिहासकार मानतात. त्यानंतरची जवळजवळ चार शतके या गाठींचे दर्शन मुख्यत्वे शवविच्छेदनाच्या टेबलावरच घडत राहिले. १९३४ मध्ये बार्न्स आणि सहकाऱ्यांनी विद्युत्-हृदयालेख आणि शरीरावरील एका दुय्यम गाठीची बायोप्सी यांच्या आधारे हृदयाच्या सारकोमाचे निदान रुग्ण जिवंत असताना केले. हा एक मैलाचा दगड होता.

डाव्या अलिंदातील मिक्झोमा जिवंतपणी प्रथम दिसला तो क्ष-किरणांच्या साहाय्याने. अमेरिकेतील गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी, हृदयाच्या कप्प्यांत रंजकद्रव्य पोहोचवून काढलेल्या चित्रांवरून केलेले हे निदान १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे रक्तवाहिनीतून उपचार करण्याच्या शास्त्राचे जनक म्हणून ख्याती पावलेले चार्ल्स डॉटर या चमूत होते. तो रुग्ण वाचू शकला नाही. अवघ्या दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, स्टॉकहोम येथे क्लॅरेन्स क्राफर्ड यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने डाव्या अलिंदातील मिक्झोमा यशस्वीपणे काढून दाखविला.

याच सुमारास स्वीडनमधीलच लुंड येथे दुसरे एक पर्व सुरू झाले होते. हृदयतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये धातूंमधील दोष शोधण्याच्या ध्वनितरंग यंत्राचा उपयोग मानवी हृदयाकडे वळविला. कारखान्यातील तंत्रातून इको जन्मास आले ते असे. १९५९ मध्ये जर्मनीतील एफर्ट आणि डोमानिग यांनी अलिंदातील गाठी व मोठ्या गुठळ्या ध्वनितरंगांनी ओळखता येतात, हे प्रसिद्ध केले. छातीला सुई न लावता, रंजकद्रव्य न देता हृदयाच्या आतील गाठ दिसू लागली. या विकाराच्या बाबतीत शवागारापासून शस्त्रक्रियागृहापर्यंतचा प्रवास प्रतिमांनी घडविला, तो या क्रमाने.

पहिले सोंग : अरुंद मायट्रल झडप

मिक्झोमा ही प्रौढांमधील सौम्य गाठींतील सर्वांत परिचित गाठ. चारांपैकी सुमारे तीन मिक्झोमा डाव्या अलिंदात वाढतात. दोन अलिंदांमधील पडद्यावर, फोसा ओव्हॅलिसच्या कडेला त्यांचा देठ चिकटलेला असतो. स्त्रियांत त्या अधिक आढळतात आणि बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यान प्रकट होतात. देठावर लोंबणारी ही जेलीसारखी मऊ गाठ प्रत्येक ठोक्यास पुढे सरकते. मायट्रल झडप उघडली की तिच्या मुखात येऊन बसते आणि निलय आकुंचन पावू लागले की पुन्हा अलिंदात परतते.

आता या रुग्णाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पस्तिशीची स्त्री, जिना चढताना दम लागतो, रात्री उशाशी दोन उश्या लागतात. स्टेथोस्कोप लावावा तर हृदयाच्या टोकाशी डायस्टोलिक मर्मर ऐकू येते. आपल्या देशात एवढ्यावर दुसरे निदान सुचणे कठीणच. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सुजय रॉय आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात भारतातील किशोरवयीन मायट्रल स्टेनोसिसचे वर्णन केले. तेव्हापासून कोवळ्या वयातही झडप अरुंद होऊ शकते, हे आपल्या मनावर ठसलेले आहे. हा धडा योग्यच होता. मात्र त्याच्याच सावलीत मिक्झोमाही लपतो.

तरीही काही खुणा राहतात. देह-स्थिती बदलली की मर्मर बदलते, कधी नाहीशीही होते. उठून बसताच किंवा एका कुशीवर वळताच घेरी येते किंवा दम लागतो. झडप उघडतानाच्या कर्कश आवाजाऐवजी गाठ अडून थांबल्याचा एक बोजड, खालच्या पट्टीतला आवाज ऐकू येतो. त्यालाच आपण ‘ट्यूमर प्लॉप’ म्हणतो. दीर्घकाळच्या रुमॅटिक आजारात अपेक्षित असलेले एट्रियल फिब्रिलेशन येथे बहुधा नसते आणि तक्रारींचा कालावधी काही महिन्यांचाच असतो. लहानपणी सांधे सुजून ताप आल्याची हकीकतही मिळत नाही.

इकोच्या पडद्यावर मात्र हे सोंग टिकत नाही. रुमॅटिक झडपेची पटले जाड, टोकांशी जुळलेली आणि वाकलेली असतात. मिक्झोमात ती पातळ व मोकळी असतात. जुन्या एम-मोडच्या आलेखात दोन्ही विकारांत पुढील पटलाचा उतार मंदावलेला दिसे, परंतु मिक्झोमात त्या पटलामागे प्रतिध्वनींचा एक ढग दिसे आणि झडप उघडताच क्षणभर मोकळी जागा राहून मग तो ढग आत शिरे. गाठीला हालचाल करून झडपेपर्यंत पोहोचण्यास लागणारा तो क्षण होय. आजच्या द्विमितीय चित्रणात देठ, त्याचे मूळ, गाठीचा आकार आणि तिची ये-जा थेट पाहता येते. फुग्याने झडप रुंद करण्याच्या उपचारासाठी आलेल्या रुग्णात हा फरक जाणणे किती मोलाचे, हे सांगणे न लगे.

दुसरे सोंग : न हटणारा ताप

काही रुग्णांत हृदयाची तक्रार मागे राहते आणि ताप, वजनातील घट, थकवा, सांधेदुखी, पांडुरोग हीच लक्षणे पुढे येतात. ईएसआर वाढलेला, ग्लोब्युलिन वाढलेले, क्वचित बोटांची टोके फुगलेली. रक्ताचे कल्चर मात्र वारंवार निर्जंतुक येते. मग कोणी क्षयाची औषधे सुरू करतो, कोणी ल्युपस किंवा रक्तवाहिन्यांच्या दाहाचा विचार करतो, तर कोणी कल्चरने सिद्ध न होणारा एंडोकार्डायटिस म्हणून आठवडेच्या आठवडे प्रतिजैविके देतो.

या लक्षणांचे मूळ गाठीतून स्रवणाऱ्या इंटरल्युकिन-६ या द्रव्यात असल्याचे आता माहीत झाले आहे. गाठ काढताच ताप उतरतो, ईएसआर खाली येतो आणि रुग्णाचे वजन भरू लागते. म्हणून कारण न सापडणाऱ्या तापाच्या तपासणीत इकोला केवळ व्हेजिटेशन शोधण्यासाठी नव्हे, तर अलिंदे नीट पाहण्यासाठीही स्थान हवे. क्वचित प्रसंगी मिक्झोमालाच जंतुसंसर्ग होतो. तेव्हा कल्चरमध्ये जंतू सापडले, एवढ्याने गाठ नाही असे ठरत नाही.

झडपेवरील व्हेजिटेशनचे हुबेहूब सोंग घेणारी दुसरी एक गाठ आहे, ती पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा. ती बहुधा दीड सेंटिमीटरहून लहान असते आणि आखूड देठाने झडपेस चिकटलेली असते. पाण्यात बुडविल्यास तिचे असंख्य बारीक तंतू समुद्रपुष्पाप्रमाणे फुलतात. रुग्णास ताप नाही, झडप गळत नाही, पटलाचा नाश झालेला नाही आणि तरीही पटलावर काठ थरथरणारा एक लहान गोळा डोलतो आहे; असे दिसल्यास या गाठीची आठवण व्हावी. अन्ननलिकेतून केल्या जाणाऱ्या इकोचा प्रसार झाल्यापासून ही गाठ पूर्वीच्या कल्पनेपेक्षा पुष्कळच अधिक आढळू लागली असून, अलीकडच्या काही मालिकांत तिने मिक्झोमालाही मागे टाकले आहे.

तिसरे सोंग : तरुण वयातील पक्षाघात

डाव्या बाजूच्या मिक्झोमातून तुकडे निसटण्याचे प्रमाण मोठे आहे. साधारणपणे दहांपैकी तीन ते चार रुग्णांत तसे घडते आणि निसटलेला तुकडा बहुतेक वेळा मेंदूकडे धाव घेतो. रक्तदाब नाही, मधुमेह नाही, नाडी नियमित आहे, अशा चाळिशीच्या आतील व्यक्तीचा अर्धा देह अचानक लुळा पडतो. गाठ जितकी मऊ आणि काठाशी झालरीसारखी, तितकी ती अधिक धोक्याची. मोठी, गुळगुळीत गाठ झडप अडविते. लहान, झालरदार गाठ तुकडे सोडते. तेव्हा गाठीचा आकार लहान म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही.

अशा रुग्णास केवळ रक्त पातळ करणारी गोळी देऊन घरी धाडणे पुरेसे होत नाही, कारण निसटते ती नेहमीच गुठळी नसून पुष्कळदा गाठीचाच अंश असतो. मेंदूच्या रोहिणीत अडकलेले असे अंश वाढून पुढे तेथे धमनीविस्फार निर्माण झाल्याचीही उदाहरणे नोंदलेली आहेत. पक्षाघाताच्या प्रत्येक तरुण रुग्णाची इको तपासणी झालीच पाहिजे आणि छातीवरून केलेली तपासणी समाधानकारक नसेल, तर अन्ननलिकेतूनही झाली पाहिजे, हा आग्रह म्हणूनच धरावयाचा.

येथे एक साधी, बिनखर्चाची सवय उपयोगी पडते. पायाच्या किंवा हाताच्या रोहिणीतून शल्यचिकित्सकाने काढलेली प्रत्येक अडकलेली गुठळी विकृतितज्ज्ञाकडे पाठवावी. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात मिक्झोमाच्या पेशी दिसल्या आणि तेथून हृदयाचे निदान झाले, असा प्रकार वैद्यकीय वाङ्मयात अनेकदा नोंदला गेला आहे.

चौथे सोंग : हृदयावरणातील रक्तमिश्रित पाणी

आतापर्यंतच्या गाठी सौम्य होत्या. खरा निष्ठुर बहुरूपी आहे तो अँजिओसारकोमा. प्रौढांच्या हृदयातील घातक गाठींत ही सर्वांत अधिक आढळणारी आणि उजव्या अलिंदाच्या भिंतीत वाढण्याची हिची प्रवृत्ती. ती हृदयावरणात शिरते, तेथे रक्तमिश्रित पाणी साठते आणि रुग्ण दम, सूज व मंद तापाच्या तक्रारी घेऊन येतो. आपल्या देशात हृदयावरणातील पाण्याचे प्रमुख कारण क्षयरोग. तेव्हा पाणी काढले जाते, ते लाल असले तरी क्षयातही तसे असू शकते, पेशी-तपासणीत कर्करोग दिसत नाही आणि क्षयाची औषधे सुरू होतात. वस्तुतः अँजिओसारकोमात पाण्याची पेशी-तपासणी पुष्कळदा निरंक येते. या काळात गाठ फुप्फुसांपर्यंत पोहोचलेली असते.

हृदयाचा प्राथमिक लिम्फोमा हा याहून चकविणारा. त्याचाही ओढा उजव्या बाजूकडे आणि हृदयावरणात पाणी साठविण्याकडे असतो. क्षयाच्या निदानास आधार म्हणून आपण पाण्यातील एडीए पाहतो. परंतु लिम्फोमातही एडीए वाढू शकते. क्षयाच्या औषधांसोबत स्टेरॉइड दिले गेले तर लिम्फोमा तात्पुरता आक्रसतो, रुग्णास बरे वाटते आणि सोंग अधिकच पक्के होते. ऊतीचा तुकडा मिळविण्यापूर्वीच स्टेरॉइड दिल्यास पुढे निदानही कठीण होते. लिम्फोमा औषधोपचारास दाद देतो, म्हणून तर ही चूक अधिक बोचरी.

यावरून रक्तमिश्रित पाण्याच्या प्रत्येक रुग्णात क्षयाचे निदान सोडून द्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. क्षय हाच तेथे पुष्कळ अधिक संभवतो. मुद्दा एवढाच, की पाणी काढल्यावर उजवे अलिंद, त्याची बाह्य भिंत आणि महानीला यांची इको पुन्हा, सावकाश करावी. पाणी झपाट्याने परत साठले, औषधांस अपेक्षित प्रतिसाद नाही, अलिंदाची भिंत एका बाजूस जाड दिसते, अशी एक जरी खूण आढळली तरी सीटी किंवा एमआरआय आणि ऊती-परीक्षण यांकडे वळावे.

उजव्या अलिंदात गोळा दिसला, की आणखी एक शिस्त पाळावी. प्रोब पोटावर न्यावा. मूत्रपिंडाचा कर्करोग निम्न महानीलेतून वर चढत थेट अलिंदात डोकावू शकतो. यकृताच्या कर्करोगाचीही तीच वाट. स्त्रियांत गर्भाशयाच्या फायब्रॉइडसारखी ऊती शिरांमधून वाढत हृदयापर्यंत आल्याची उदाहरणे आहेत. हृदयात दिसणारे टोक काढले आणि मूळ पोटात राहिले, असे होता कामा नये.

फुप्फुस-रोहिणीचा सारकोमा हा याच कुळातला. तो फुप्फुसातील गुठळीचे, म्हणजे पल्मोनरी एम्बोलिझमचे सोंग घेतो. रक्त पातळ करण्याचे उपचार पूर्ण देऊनही सीटीवरील ‘गुठळी’ कमी होण्याऐवजी वाढते, मुख्य रोहिणीचे संपूर्ण मुख भरते, पायांतील शिरांत मात्र काही सापडत नाही आणि रुग्णाचे वजन घटते. तेव्हा निदान पुन्हा तपासावयास हवे.

गाठ, गुठळी की निसर्गाची रचना?

फसगत दुसऱ्या दिशेनेही होते. नसलेली गाठ दिसणे हेही घातकच, कारण त्यापायी एखाद्याची छाती विनाकारण उघडली जाते.

सर्वांत नित्याचा प्रश्न म्हणजे गाठ की गुठळी. येथे परिसर पाहावा. एट्रियल फिब्रिलेशन, अरुंद झडप, मोठे अलिंद आणि त्याच्या उपांगात बसलेला गोळा असेल तर गुठळी संभवते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर निलयाच्या निश्चल टोकाशी बसलेला गोळाही बहुधा गुठळीच. उलट सामान्य आकाराच्या अलिंदात, पडद्यावरून देठाने लोंबणारा, नाचणारा गोळा मिक्झोमाकडे बोट दाखवितो. शंका उरल्यास, अन्य कारणाने घाई नसेल तर, रक्त पातळ करणारे औषध काही आठवडे देऊन पुन्हा पाहावे. गुठळी विरघळते, गाठ राहते.

काही रचना निसर्गदत्त आहेत. उजव्या अलिंदातील क्रिस्टा टर्मिनॅलिसचा उंचवटा, युस्टेशियन झडप आणि कियारीचे जाळे यांनी अनेकांना चकविले आहे. डाव्या अलिंदात उपांग आणि फुप्फुस-नीला यांच्यामधील घडीला ‘वॉरफरिन रिज’ असे विनोदी नाव पडले आहे, ते तिला गुठळी समजून रुग्णांना वॉरफरिन दिले गेल्यामुळेच. वृद्ध व स्थूल व्यक्तींत अलिंदांमधील पडद्यात चरबी साठते. ती फोसा ओव्हॅलिस मोकळा सोडून दोन्ही बाजूंस जमते, म्हणून तिचा आकार व्यायामाच्या डंबेलसारखा दिसतो. ही खूण ओळखली की पुढे काही करावे लागत नाही. मायट्रल झडपेच्या कड्यात कॅल्शियमयुक्त मऊ पदार्थ साठून झालेला गोळाही गाठीसारखा भासतो. साध्या सीटीवर त्याची घनता त्याचे रहस्य उघड करते.

हायेटस हर्नियाची गंमत तर निराळीच. छातीत सरकलेले जठर डाव्या अलिंदास मागून दाबते आणि इकोवर अलिंदातील गाठीसारखे दिसते. अशा वेळी रुग्णास घोटभर सोडा पाजून प्रोब तेथेच धरावा. ‘गाठी’त बुडबुडे नाचू लागले, की निदान झाले. एवढ्या स्वस्त रंजकद्रव्याने एवढे महागडे भय दूर होण्याचे दुसरे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

क्षयाची गाठ आणि हायडॅटिड सिस्ट यांचीही नावे भारतीय डॉक्टरांच्या यादीत असावीत. पहिली बहुधा उजव्या बाजूस असते आणि औषधांनी विरघळू शकते. दुसरी पाण्याने भरलेल्या कप्प्यांची असते. तिच्यात सुई टोचणे जिवावर बेतू शकते.

बालहृदयातील गाठी

बालकांत चित्र अगदी निराळे. तेथे ऱ्हॅब्डोमायोमा ही सर्वाधिक आढळणारी गाठ. निलयांच्या भिंतींत अनेक गोल, उजळ गोळे दिसतात आणि आईच्या पोटातील तपासणीतही ते ओळखता येतात. यांतील निम्म्याहून अधिक बालकांना ट्युबरस स्क्लेरोसिस असतो. तेव्हा त्वचेवरील पांढुरके डाग, झटके आणि मेंदूची प्रतिमा यांकडे लक्ष द्यावे. समाधानाची बाब ही, की रक्तप्रवाह अडत नसेल तर या गाठी पुष्कळदा आपोआप लहान होत जातात. आईबापांना येथे शस्त्रक्रियेपेक्षा धीराची व नियमित तपासणीची गरज असते.

फायब्रोमा मात्र आपोआप जात नाही. ती बहुधा एकच असते, निलयाच्या भिंतीत किंवा पडद्यात रुतलेली, कधी मध्यभागी कॅल्शियम साठलेली. इकोवर ती हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचे सोंग घेते. भिंतीचा जाड भाग आकुंचन पावतो की निश्चल राहतो, हे पाहिले की फरक लक्षात येतो. घातक लयदोष निर्माण करण्याची तिची क्षमता असल्याने हा फरक जाणणे बालकाच्या जिवाशी निगडित आहे.

एमआरआय, सीटी आणि पेट

इको ही पहिली आणि बहुतेकदा पुरेशी पायरी. जेथे ती अपुरी पडते, तेथे एमआरआय ऊतीचा स्वभाव सांगते. चरबी दडपणाऱ्या क्रमात उजळ गोळा काळा पडला, तर तो लायपोमा. टी-टू चित्रात उजळ आणि आत विषम रचना असलेला गोळा मिक्झोमाशी जुळतो. टी-टूवर काळपट, परंतु गॅडोलिनियमनंतर उशिरा तीव्र उजळणारा गोळा फायब्रोमाकडे झुकतो. गुठळीत रक्तवाहिन्या नसल्याने रंजकद्रव्याचा पहिला प्रवाह तिच्यात शिरत नाही आणि दीर्घ इन्व्हर्जन टाइमच्या चित्रात ती काळीच राहते. अँजिओसारकोमात रक्तस्राव, मृत ऊती आणि भरपूर रक्तवाहिन्या यांमुळे ठिगळांचे चित्र दिसते. मात्र झडपेवरील लहान, चंचल गोळ्यासाठी एमआरआयपेक्षा अन्ननलिकेतील इको सरस, हेही लक्षात ठेवावे. मूत्रपिंडे गंभीररीत्या निकामी असल्यास गॅडोलिनियमच्या निवडीत सावधगिरी हवी.

सीटी कॅल्शियम आणि चरबी नेमकी दाखविते, फुप्फुसांतील दुय्यम गाठी आणि हृद्-रोहिण्यांची स्थितीही कळविते. पेट तपासणी गोळ्याची भूक सांगते आणि रोग अन्यत्र पसरला आहे काय, हे दाखविते. परंतु पडद्यातील निरुपद्रवी चरबीही कधी कधी पेटवर उजळते, याची जाणीव असलेली बरी.

एवढे करूनही शेवटचा शब्द ऊतीचाच. घातक गाठीची किंवा लिम्फोमाची शंका असल्यास हृदयावरणातून अथवा शिरेवाटे ऊतीचा तुकडा मिळवावा. डाव्या अलिंदातील ठसठशीत मिक्झोमाला मात्र टोचण्याचा मोह टाळावा. त्याचा उपचार लवकर शस्त्रक्रिया हाच आहे आणि देठासह पडद्याचा भाग काढल्यास फार थोड्या रुग्णांत तो पुन्हा उद्भवतो. एकाहून अधिक मिक्झोमा, लहान वय, ओठांवर व चेहऱ्यावर गडद तीळ किंवा घरात कोणाला हाच आजार असल्यास कार्नी संकुलाचा विचार करावा. मेयो क्लिनिकच्या एडन कार्नी यांनी १९८५ मध्ये वर्णिलेल्या या आनुवंशिक विकारात गाठ पुन्हा होण्याचा संभव अधिक असल्याने आयुष्यभर इको आणि आप्तांचीही तपासणी आवश्यक ठरते.

आपल्या हाती काय आहे?

एके काळी माळव्यातील रुग्णास अशा तपासणीसाठी मुंबईची वाट धरावी लागे. आज इंदूरसारख्या शहरांत इको तर आहेच, एमआरआय आणि हृदयशस्त्रक्रियाही उपलब्ध आहेत. तथापि यंत्र तेवढेच सांगते, जेवढे त्याला विचारले जाते. विनंतीपत्रावर केवळ ‘इको करावा’ असे लिहिण्याऐवजी ‘मर्मर स्थितीनुसार बदलते, ताप तीन महिने, कल्चर निर्जंतुक, डावे अलिंद पाहावे’ एवढे दोन ओळींत लिहिले, तर तपासणाऱ्याचा हात योग्य जागी थांबतो. हे लिहिण्याचे काम कुटुंबाच्या डॉक्टरचे आहे, कारण संपूर्ण हकीकत त्यालाच ठाऊक असते.

लहानपणीच्या संधिवाती ज्वराच्या हकीकतीविना आढळलेली मायट्रल मर्मर, प्रतिजैविकांना न जुमानणारा ताप, नियमित नाडीच्या तरुणास झालेला पक्षाघात, पुनःपुन्हा साठणारे लाल पाणी आणि उपचारानेही न विरघळणारी फुप्फुसातील गुठळी, या पाच प्रसंगी निदानाची पाटी पुसून नव्याने विचार करावा. शंभर वेळा असे केल्यावर नव्याण्णव वेळा पहिलेच निदान खरे ठरेल आणि तसे ठरल्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. शंभराव्या वेळी जी स्त्री शस्त्रक्रियेनंतर ताप, दम आणि पक्षाघाताचे भय मागे टाकून आपल्या घरी चालत परतेल, तिच्यासाठी त्या नव्याण्णव तपासण्या सार्थकी लागलेल्या असतील.